मारोतराव देवकते आणि कारखान्याचं काळं पाणी

मारोतराव देवकते नाकानं काम करायचे. आमच्या साखर कारखान्यात फिटर लोक कानानं काम करत, बॉयलरवाले डोळ्यांनी करत आणि प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या नळ्यांवर विसंबून असायचो. मारोतराव मात्र सकाळी डिस्टिलरीमागच्या उंच टाकीपाशी जायचे, नळ सोडून तांब्याभर पाणी घ्यायचे, तांब्या नाकापाशी धरून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "आज खुशीत हायेत." नाहीतर, "आज जरा बिनसलंय." मग तो तांब्या माझ्याकडं यायचा. मी यंत्रावर आम्लता मोजायचे, आणि यंत्र जे सांगायचं ते मारोतरावांनी आधीच सांगून टाकलेलं असायचं. एकदा दोघांचं जुळलं नाही. "ताई, मशीन एकदा धुऊन बगा," मारोतराव म्हणाले. मी धुतलं, पुन्हा मोजलं. मशीन बरोबर होतं. मारोतरावांना पडसं झालं होतं. आपण हरलो याचं त्यांना इतकं हसू आलं की शिंका आणि हसणं एकदमच सुरू झालं.

गंगाखेडच्या बाजूच्या त्या कारखान्यात मी लागले तेव्हा प्रयोगशाळेत बाई म्हणून मी एकटीच होते. कारखान्याला लागून डिस्टिलरी होती. साखर करून उरलेल्या मळीपासून तिथं अल्कोहोल काढायचे, आणि अल्कोहोल निघून गेल्यावर उरायचं ते काळं पाणी. गरम, आंबट, गुळाची काकवी कुजल्यावर यावा तसा वास. तो वास कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा. मी माहेरी गेले की आई "ये" म्हणायच्या आधी "न्हाणीत पाणी काढलंय" म्हणायची. हे पाणी नाल्यात जायचं, नाला गोदावरीत जायचा. नाल्याकाठी एक लहान गाव होतं. तिथल्या विहिरीचं पाणी हंगाम सुरू झाला की पिवळं पडायचं, नाल्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे. गावानं ओरड केली, वरून सरकारी तंबी आली, तेव्हा कारखान्यानं ही टाकी बांधली. चहूबाजूंनी बंद, दोन मजली घराएवढी. आत हवा लागू न देता सूक्ष्म जीव वाढवायचे, त्यांनी पाण्यातली घाण खायची आणि त्यातून जो गॅस निघेल तो बॉयलरला जाळायचा, अशी योजना. टाकी तर उभी राहिली. तिच्यात जीव घालायला कुणीतरी पाहिजे होतं. म्हणून मारोतराव आले.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस येणार म्हटल्यावर आम्ही चष्मेवाल्या, टाय लावलेल्या माणसाची वाट बघत होतो. आले ते गुडघ्यापर्यंत काळे गमबूट घातलेले, रापलेले, उंच गृहस्थ. ते वालूरकडच्या एका खेड्यातले, मेंढपाळाच्या घरचे. शिक्षणासाठी गाव सुटलं, पण बोली सुटली नाही, आणि ती सुटावी असं त्यांना कधी वाटलंही नाही. गमबूट मात्र त्यांच्या अंगाचाच भाग झाले होते. कॉलनीतल्या लग्नालासुद्धा ते गमबूट घालूनच यायचे, फक्त धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून. त्यांच्या पत्नी शांताबाई माझ्या शेजारीच राहायच्या. त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नातबी बूट घालून आले असते. बरं झालं, तवा नोकरी नव्हती."

आल्या आल्या त्यांनी कारखान्याकडं मागितलं काय, तर शेण. गाड्या भरभरून. पाण्यातली घाण खाणारे जीव गाई-म्हशींच्या पोटात असतात, तेच शेणातून टाकीत सोडायचे होते. मॅनेजरनं ट्रॅक्टर दिला आणि मारोतराव नाल्याकाठच्या गावात गेले. गावाचा कारखान्यावर राग. त्यात हा माणूस दारोदार जाऊन शेणाच्या पाटीत वाकून वास घेतोय आणि विचारतोय, "म्हशीला औषध, इंजेक्शन काही दिलंय का इतक्यात?" औषध दिलेल्या जनावराच्या शेणातले जीव मेलेले असतात, म्हणून ते विचारत होते. पण बायांना वाटलं, बुवा चेष्टा करतोय. गयाबाई नावाची एक साठीची बाई होती. एकटी राहायची, एक म्हैस पाळून दूध विकायची, आणि तिच्या तोंडाला गावातले गडीसुद्धा टरकून असायचे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमचं पाणी नासवलंत ते नासवलंत. आता आमच्या गवऱ्याबी नेता का? चुलीत काय तुमचे बूट घालू?"

मारोतराव तिच्या ओट्यावर बसले. म्हणाले, "मावशी, दही कसं लावता?"

"कसं म्हंजे? इरजण घालून."

"मंग ते इरजणच मागाया आलोय मी. टाकी लय मोठी हाय, म्हणून इरजण जास्ती लागायलंय."

गयाबाईनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग विचारलं, "आन् दूध कोणतं त्यात?"

"तुमच्या नाल्यात येतंय ते काळं पाणी."

"त्याचं दही व्हतंय?"

"दही न्हाई व्हत. पण त्यातली आग निघून जाती. पार साफ व्हईल आसं मी म्हणत न्हाई. काळेपणा थोडा राहीलच. पण म्हशीनं बसावं इतपत व्हईल."

ते असंच बोलायचे. जेवढं होणार तेवढंच सांगायचे. गयाबाईनं त्या दिवशी एक पाटी दिली. उपकार केल्यासारखी दिली, पण दिली.

टाकी लागायला फार वेळ लागला. वरिष्ठांना वाटलं होतं, शेण टाकलं, पाणी सोडलं, की झालं. मारोतराव आधी नुसतं थोडं पाणी सोडायचे, तेही गार करून, चुना घालून आंबटपणा मोडून. मग थांबायचे. मग आणखी थोडं. एम.डी. साहेब रोज विचारायचे, "देवकते, पूर्ण पाणी कधी घेणार?" मारोतराव म्हणायचे, "साहेब, घाईनं पळता येतं, वाढता येत न्हाई." हे वाक्य ते जेवतानाही म्हणायचे. त्यांचं जेवण हा कॅन्टीनमधला एक संथ सोहळा होता. त्यांची पहिली भाकरी संपेपर्यंत बाकीच्यांची शिफ्ट सुरू झालेली असायची.

टाकीवर रफिकभाई नावाचे ऑपरेटर होते. पंप, व्हॉल्व्ह, गॅसची नळी, सगळं त्यांच्या ताब्यात. मारोतरावांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या अत्तरावर बंदी घातली. "रफिकभाई, तुमचं अत्तर लय भारी हाय, पण मला टाकीचा वास लागत न्हाई." रफिकभाई म्हणाले, "साब, सारी दुनिया बदबू से भागती, तुम खुशबू से भागते." पण त्यांनी अत्तर सोडलं. फक्त ईदला लावायचे, आणि त्या दिवशी वारा मारोतरावांकडून आपल्याकडं येईल अशा बाजूला उभे राहायचे.

आत वाढणाऱ्या जिवांना मारोतराव 'मेंढरं' म्हणायचे. रविवारीही येऊन टाकीला चारा घालायचे. "त्यांला रविवार कळत न्हाई," म्हणायचे. एकदा त्यांनी प्रयोगशाळेत गावातल्या बायांना बोलावलं आणि टाकीतल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. गयाबाईनं डोळा लावला. बराच वेळ लावला. मग डोकं वर काढून एकदम हळू आवाजात, कुणी झोपलंय तिथं बोलावं तशी म्हणाली, "अगं बाई, ही सगळी जित्ती हायेत?"

"जित्ती हायेत."

"ह्यांला भूक लागती?"

"लागती की."

"आन् जास्त खाल्लं म्हंजे?"

"पोट बिघडतंय मावशी. आपल्यावानीच."

जाताना तिनं सूक्ष्मदर्शकाला हात जोडले. मी हसले, मारोतराव नाही हसले.

त्या हंगामाच्या शेवटाकडं टाकी पुरती लागली. गॅस बॉयलरला जायचा, जादाचा गॅस एका उंच नळीच्या तोंडाशी जळत राहायचा, निळ्या ज्योतीनं. पाणी टाकीतून निघून उघड्या तळ्यांत मुरून मग बाहेर जायचं. दुसऱ्या हंगामात नाला तपकिरी राहिला, पण त्याला नाकाला झोंबणारा तो दर्प राहिला नाही. पुलावरून जाताना एक दिवस मला नाल्यात म्हशी बसलेल्या दिसल्या. मी मारोतरावांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "गयामावशीची हाय का त्यात?" मला म्हशी ओळखू येत नव्हत्या. ते सायकल काढून स्वतः बघायला गेले.

पुढच्या हंगामात ते घडलं.

तो काळ नामांतराच्या वादाचा होता. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा वर्षानुवर्षं धुमसत होता. मध्येच भडकायचं, बंद पुकारले जायचे, एस.टी. थांबायची, खेड्यातल्या दलित वस्त्यांवर भीती पसरायची. अशाच एका बंदाच्या वेळी मारोतराव गावी होते. वडील आजारी म्हणून गेले होते आणि अडकून पडले. इकडं गाळप जोरात, डिस्टिलरी पूर्ण क्षमतेनं चालू. टाकीत सोडायच्या आधी कच्चं पाणी साठवायचं तळं काठोकाठ भरलं. एम.डी. साहेब टाकीवर आले आणि रफिकभाईंना म्हणाले, "सगळं पाणी टाकीत घ्या."

रफिकभाई म्हणाले, "साब, देवकते साब बोल के गये, इतनाच देना. ज्यादा दिया तो टाकी मर जाती."

"इथं एम.डी. कोण आहे? देवकते का मी?"

रफिकभाईंनी व्हॉल्व्ह उघडला. नोकरीच्या माणसानं दुसरं काय करावं? पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

टाकी आंबली. मला यंत्राची गरजच पडली नाही. कुजलेल्या शिरक्यासारखा वास सगळ्या कॉलनीत पसरला. नळीच्या तोंडाची ज्योत आधी पिवळी झाली, मग फडफडली आणि विझली. टाकी पाणी पचवेना, तळ्यात जागा उरेना, आणि डिस्टिलरी काही थांबवली नाही. शेवटी तळ्याचा बांध एका बाजूनं फुटला आणि सगळं कच्चं काळं पाणी नाल्यात गेलं. दोन वर्षांत गावाची भीड चेपली होती, म्हशी नाल्यावर जात होत्या. त्या दिवशीही गेल्या. बऱ्याच आजारी पडल्या. गयाबाईची म्हैस मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव कारखान्याच्या गेटवर आलं. गडी पुढं, बाया मागं, आणि सगळ्यांच्या पुढं गयाबाई. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. तिचं ते गप्प उभं राहणं बघून वॉचमननं आपली काठी भिंतीला टेकवून ठेवली. एम.डी. साहेब आतून निरोप पाठवत होते की पाणी शुद्ध केलेलंच होतं, म्हैस कशानं मेली ते डॉक्टर बघतील.

त्याच वेळी मारोतराव पोचले. वालूरहून सेलूपर्यंत बैलगाडीनं, तिथून एका ट्रकच्या टपावर पेडगाव, पेडगावच्या पाहुण्याची सायकल घेऊन पुढचा सगळा रस्ता. वाटेत ठिकठिकाणी दगड, झाडं आडवी टाकलेली होती, ती सायकल खांद्यावर घेऊन ओलांडली होती. अंगावर धुळीचं पांघरूण. ते गर्दीतून वाट काढत आत आले, टाकीपाशी गेले. तांब्या घेतला नाही. लांबूनच त्यांना कळलं. रफिकभाई त्यांना बघून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मारोतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?" रफिकभाईंनी सांगितलं. मग ते गेटकडं निघाले. एम.डी. साहेबांनी त्यांना वाटेत गाठलं.

"देवकते, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. म्हणावं, पाणी टाकीतूनच आलं होतं."

मारोतराव तसेच पुढं चालत राहिले. गेट उघडायला लावलं, बाहेर जाऊन उभे राहिले. मी आणि ऑफिसातले लोक आतल्या बाजूला होतो. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण तिथं इतकं शांत झालं होतं की प्रत्येक शब्द ऐकू आला.

"पाणी आमीच सोडलं. शुद्ध न्हवतं. टाकी आमच्या चुकीनं मेल्यासारखी झालीय. विहिरीचं पाणी पिऊ नका, जनावराला पाजू नका. मी सांगंपर्यंत नका पिऊ."

गर्दीत एकदम गलका उठला. एक दगड येऊन गेटच्या पत्र्यावर आदळला. मारोतराव हलले नाहीत. गयाबाई दोन पावलं पुढं आली. गलका थांबला.

"तू कुठं व्हतास?"

"बाप आजारी व्हता मावशी. बंदामुळं येता आलं न्हाई."

तिनं त्यांच्या धुळीनं माखलेल्या अंगाकडं पाहिलं. मग म्हणाली, "कसा हाय आता बाप?"

"उठून बसायलाय."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. मारोतराव तिच्यासमोर उभ्या उभ्या रडले. गर्दीतल्या माणसांनी नजरा वळवल्या.

दुपारी चेअरमन आले आणि मारोतरावांना बोलावणं झालं. मी आम्लतेचे आकडे घेऊन तिथं गेले होते, म्हणून ऐकलं. चेअरमन म्हणाले, "तुमी मीठ कारखान्याचं खाता का गावाचं?"

"मीठ कारखान्याचंच साहेब," मारोतराव म्हणाले. "पण पाणी त्याच नदीचं पितो, तुमीबी आन् मीबी."

"आता काय करायचं म्हणता?"

"डिस्टिलरी बंद. टाकीला उपास. दुसरं औषध न्हाई."

ऐन हंगामात डिस्टिलरी बंद ठेवायला कोण तयार होणार? निर्णय गावानंच करून टाकला. गड्यांनी फावडी आणली, मातीची पोती आणली आणि नाल्याचं तोंडच बुजवलं. काळं पाणी उलटं फिरून कारखान्याच्या आवारात, ऊस टाकायच्या गव्हाणीकडं, ऊस घेऊन उभ्या असलेल्या बैलगाड्यांच्या चाकांखाली येऊ लागलं. डिस्टिलरी बंद झाली.

मग पुढचे कित्येक आठवडे मारोतराव टाकीपाशीच दिसायचे. थोडं आंबलेलं पाणी काढायचं, चुन्याची निवळी घालायची, पाणी गरमसर ठेवायचं, आणि वाट बघायची. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याचा चेहरा होता त्यांचा. टाकीतले बरेच जीव मेले होते, नव्यानं शेण लागणार होतं. पण गावात जाऊन ते मागायची त्यांची छाती होईना. कोणत्या तोंडानं मागायचं?

एक दिवस गयाबाईच आली. डोक्यावर पाटी. शेजारणीच्या म्हशीचं शेण. टाकीपाशी पाटी उतरवून म्हणाली, "औषध दिलेलं न्हाई. इचारून आणलंय."

मारोतराव पाटीकडं आणि तिच्याकडं बघत राहिले. तीच म्हणाली, "आसा बघतोस काय? नाला सुधरायचा तर ही जगाया नको का?"

त्यानंतर गाड्या यायला लागल्या. पाटलाच्या गोठ्यातून आली, वरच्या आळीतून आली, बौद्धवाड्यातून आली. मेंढक्यांनी लेंड्यांची पोती आणून टाकली. त्याच दिवसांत कॅन्टीनमध्ये नामांतरावरून वाद पेटला होता. दोन टेबलांवरून शब्दाला शब्द वाढत चालला. कुणीतरी मारोतरावांकडं वळून म्हणालं, "तुम्ही सांगा देवकते, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मारोतराव आपली पहिलीच भाकरी खात होते. घास पुरा चावून, गिळून म्हणाले, "टाकीत साऱ्या गावाचं शेण हाय. कोणत्या वाड्याचं कोणतं, तेवढं निवडून दाखवा. मंग मी माझी बाजू सांगतो." वाद मिटला नाही, पण त्या दिवसापुरता थांबला. पलीकडच्या टेबलावरचा, टाकीवर काम करणारा एक पोरगा उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला. बौद्धवाड्यातला होता. दोघं सोबत जेवले.

ज्योत पुन्हा पेटली तेव्हा सकाळची वेळ होती. आधी नळीच्या तोंडाशी नुसती ऊब जाणवायला लागली होती. रफिकभाईंनी चिंधीचा काकडा पेटवून वर धरला, भक् झालं, विझलं. पुन्हा धरला. या वेळी पिवळी ज्योत राहिली, आणि हळूहळू बुडापासून निळी होत गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मारोतराव कुठं दिसेनात म्हणून पाहिलं, तर ते टाकीच्या सावलीत, गमबुटांतले पाय लांब करून, भिंतीला टेकून गाढ झोपले होते. शांताबाईंना कुणीतरी बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, "उठवू नका. लय दिवसांनी झोपलेत."

काही दिवसांनी त्यांचे वडील आले. बरे होऊन, हातात काठी घेऊन, आणि सोबत एक दुभती शेळी घेऊन. ती त्यांनी गयाबाईच्या दारात नेऊन बांधली. "म्हशीची भरपाई न्हाई ही," म्हणाले, "लेकराच्या मनाला टोचायलंय, म्हणून आणली." गयाबाईनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हातारबाबांना चहा ठेवला.

नंतर मारोतरावांनी वडिलांना टाकी दाखवायला आणलं. म्हातारबाबांनी टाकीभोवती एक फेरी मारली. विचारलं, "ह्यात काय हाय म्हणलास?"

"बारीक जीव. घाण खातेत."

"दिसत न्हाईत?"

"भिंगातून दिसतेत."

"आन् तू काय करतोस?"

"त्यांला येळेवर खायला घालतो. उन्हाताणाचं बघतो. आजारी पडले तर बघतो."

म्हातारबाबा काठीवर हनुवटी ठेवून बराच वेळ टाकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुला शिकवावं म्हणून मी मेंढरं इकली. शेवटी चारायलाच बसलास की रं." आणि ते असे खूश होऊन हसले की मारोतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मारोतरावांची नेमणूक तात्पुरती होती. टाकी सुरळीत चालते आहे, आता वेगळ्या अधिकाऱ्याची गरज उरली नाही, असं पुढच्या हंगामाच्या आधी ठरलं. का ठरलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही काही जणांनी जाऊन शब्द टाकला, उपयोग झाला नाही. मारोतराव स्वतः कुणाकडं गेले नाहीत. शेवटचे दिवस त्यांनी रफिकभाईंना शिकवण्यात घालवले. वास कसा घ्यायचा, फेस कसा ओळखायचा, कुणी कितीही मोठा माणूस सांगायला आला तरी व्हॉल्व्ह किती फिरवायचा. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढल्यावर ते टाकीपाशी गेले आणि भिंतीवर तळहात सपाट टेकवून थोडा वेळ उभे राहिले. आत ऊब असायची. शांताबाई मला म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर कधी आसा हात ठेवला न्हाई." म्हणताना त्यांचेही डोळे भरले होते.

त्यानंतर त्यांची खबर अधूनमधून कानावर यायची. परभणीला कुठल्याशा खासगी डेअरीत लागले, तिथल्या सांडपाण्याचं बघतात, वगैरे. भेट नव्हती.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या हिवाळ्यात ते एकदा अचानक आले. डेअरीतली त्यांची छोटी टाकी लागत नव्हती आणि त्यांना इरजण म्हणून आमच्या टाकीतला गाळ हवा होता. रफिकभाईंनी स्वतः कॅन भरून दिला, आणि एम.डी. साहेब बदललेले असल्यामुळं कुणी हरकतही घेतली नाही. मला त्याच वेळी बाजारात जायचं होतं, म्हणून मी त्यांच्यासोबत गंगाखेडच्या स्टँडवर गेले. केस पांढरे झाले होते. कॅन त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. स्टँडच्या फाटकापाशी पोलिसांची गाडी उभी होती, आणि त्या दिवसांत सगळे जसे बोलायचे तसे लोक खालच्या आवाजात बोलत होते. थंडी कडक होती.

परभणीची गाडी लागली. मारोतराव चढले, त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण ती सावलीच्या बाजूची होती. मी खालून बघत होते. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूला, उन्हात बसलेल्या एका फेटेवाल्याला काहीतरी विनवलं. फेटेवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या, कॅनकडं पाहिलं, मारोतरावांकडं पाहिलं, आणि उठून जागा बदलली. मारोतरावांनी उन्हाच्या जागेवर कॅन ठेवला. आता त्यांना बसायला जागा उरली नाही, तसे ते बाजूला उभे राहिले. कंडक्टर आला.

"हे कुणाचं? शिटावर सामान ठेवायचं न्हाई."

"सामान न्हाई हो. जित्तं हाय. थंडी सोसत न्हाई त्याला."

"काय हाय जित्तं? मासे हायेत का?"

"मासे न्हाईत. मोठी गोष्ट हाय, परभणीपत्तूर सांगतो. तिकीट फाडा दोन."

कंडक्टर हसला. त्यानं तिकीट दोन फाडलं की एक, ते मला गर्दीत दिसलं नाही. गाडी मागं येऊन वळायला लागली तेव्हा मारोतरावांनी अंगातला स्वेटर काढला, कॅनभोवती नीट गुंडाळला, त्याच्या दोन्ही बाह्यांची पुढं गाठ मारली आणि धक्का बसू नये म्हणून एक हात त्याच्यावर ठेवला. दुसरा हात त्यांनी वरच्या दांडीला धरला होता. पातळ सदऱ्यात ते कुडकुडत होते, आणि कंडक्टरला काहीतरी समजावून सांगत होते. आजूबाजूची माणसं माना वळवून ऐकत होती. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली आणि परभणीच्या रस्त्याला लागली.